घरटी एक लाकूड

पुण्याची माणसं भोरच्या पलीकडच्या घाटात जातात ती पावसाळ्यात, धबधब्याखाली उभं राहून ओलं व्हायला आणि येताना भाजलेली कणसं खायला. मी गेले चैत्रात. त्या दिवसांत तिथे धबधबा नसतो, कणीस नसतं, हिरवं म्हणावं असंही फारसं काही नसतं. सगळा डोंगर वाळक्या पाल्याने भरलेला असतो, आणि मी त्या पाल्यासाठीच गेले होते.

निवृत्तीनंतर माणसं देवधर्म करतात किंवा सोसायटीच्या कमिटीवर जातात. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मी पहिल्यातून सुटले आणि तोंडाला हाड नसल्यामुळे दुसऱ्यातून. मग एका लहानशा संस्थेचं काम करू लागले. जंगलात पडलेला पाला, माजलेली घाणेरी, फुलून मेलेली कारवी असं सगळं गोळा करायचं, भरडायचं आणि यंत्रात दाबून त्याच्या जळाऊ कांड्या करायच्या, यासाठी ही संस्था गावांना मदत करते. दगडी कोळशाऐवजी या कांड्या जाळल्या की धूर कमी, पाला उचलल्यामुळे वणवे कमी, आणि गावातल्या माणसांना गावातच काम. कागदावर हे सगळं इतकं छान दिसतं की मला पहिल्यापासूनच संशय होता. पण संशय मला सगळ्याचाच येतो, त्यामुळे माझ्याकडे कोणी लक्ष देत नाही.

आमचे सचिव देव यांनी मला बोलावून घेतलं. "ताई, तुम्ही फक्त गावच्या गटाच्या अध्यक्षीणबाईंना पुण्याला घेऊन यायचं. कार्यक्रम आहे. त्यांचा सत्कार आहे."

"कुठे?"

"नदीकाठच्या स्मशानभूमीत."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"हरित अंत्यविधी, ताई! कांड्या पूर्वी धायरीच्या बिस्किटांच्या कारखान्यात जायच्या. तो कारखाना आता गॅसवर गेला. गेल्या वर्षीपासून सगळ्या कांड्या स्मशानातच जातात. एका माणसामागे केवढं लाकूड वाचतं, कल्पना आहे का?"

"आणि शाल-श्रीफळ?"

"म्हणजे काय! द्यायलाच हवं."

पुण्यात दोन माणसं भेटली की त्यातला एक दुसऱ्याचा सत्कार करतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. त्याला जागेचंही बंधन नाही, हे मात्र मला नवीन होतं.

पाल्याचा डोंगर

एसटीने भोर आणि तिथून वडापच्या जीपने रस्ता संपेपर्यंत. जीपमध्ये माझ्या पायाशी पिठाच्या गिरणीचा पट्टा होता आणि मांडीवर एका अनोळखी बाईंचं नातवंड. ते माझ्या चष्म्याची काडी चघळत आलं, यापलीकडे त्या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

रस्ता संपतो तिथे सुंदराबाई उभ्या होत्या. गटाच्या अध्यक्षीणबाई त्याच. माझ्याच वयाच्या, अंगाने बारीक, कपाळावर हिरवं गोंदण आणि केसांत पाल्याचा चुरा. तो चुरा पुढे मला त्या गावातल्या प्रत्येक बाईच्या केसांत दिसला.

"आलासा बाई? चालवंल ना? थोडं वर हाय."

त्यांचं 'थोडं' केवढं असतं ते अर्ध्या चढावर कळलं. तिथेच माझ्या एका चपलेचा तळ निघाला. सुंदराबाईंनी कनवटीची सुतळी काढून तो बांधून दिला आणि मी पायाला सुतळी गुंडाळलेल्या अवस्थेत गावात शिरले. पोरं हसली. मीही हसले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

कारवी वर्षानुवर्षं नुसती वाढते, मग एका वर्षी अख्खा डोंगर जांभळा करून फुलते आणि मरते. ती फुलून गेलेली होती. उतारावर तिच्या वाळक्या काठ्या उभ्या होत्या आणि बायका त्या विळ्याने मोडून भारे बांधत होत्या. दुसऱ्या बाजूला चारपाच जणी खराट्याने पाला लोटत होत्या आणि जुन्या लुगड्यांत बोचकी बांधत होत्या. झाडलेला भाग मला आधी फार चांगला वाटला, आमच्या सोसायटीचं आवार सकाळी झाडल्यावर वाटतं तसा. जरा पुढे गेल्यावर पायाखाली नुसती लाल माती आणि उघडी मुळं लागली. पहिला वळीव पडला की ही माती कुठे जाणार, हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

"ह्ये बाईंना दावा," असं म्हणत एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. ते तात्या. गावात कुणाचं काही अडलं की ज्यांच्याकडे जातात ते. "भाताचं रोप टाकायच्या आधी आमी जमीन भाजतो. राब म्हनत्यात त्याला. त्याला पाला लागतो. ह्या बाया समदा पाला मिशनीत घालत्यात. आता राबाला काय माझं धोतर जाळू?"

"तात्या, तुमच्या राबाला दोन बोचकी ठिवलीत," सुंदराबाई म्हणाल्या.

"दोन बोचक्यात काय व्हतंय!"

हा वाद रोजचा असावा, कारण दोघांनीही तो अर्धवट सोडला आणि आम्ही शेडकडे गेलो.

शेडमध्ये यंत्र होतं आणि यंत्राशेजारी सुंदराबाईंचा धाकटा मुलगा दत्तू वीज यायची वाट बघत बसला होता. वीज आली की तो उडी मारून उठायचा. मग त्या यंत्राचं जड चाक फिरू लागायचं, धाडधाड आवाजाने पत्रे थरथरायचे आणि एका तोंडातून भरड आत जाऊन दुसऱ्या तोंडातून मनगटाएवढी जाड, तपकिरी, गरम कांडी बाहेर यायची. दत्तूने एक मोडून माझ्या हातात दिली. तिला भाजलेल्या नाचणीसारखा वास येत होता. "एकबी भेग न्हाय बघा बाई," तो म्हणाला. त्याला फार अभिमान होता. वीज गेली की तो पुन्हा पोत्यावर जाऊन बसायचा.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण आणि कच्च्या करवंदांचा ठेचा होता. आपल्याकडे असं जेवण हल्ली हॉटेलात पितळेच्या ताटात देतात आणि त्याला गावरान थाळी म्हणतात. सुंदराबाईंनी मला तीन वेळा वाढलं आणि वाढता वाढता थोरल्या मुलाचं सांगितलं.

"मारुती पुन्याला गेला व्हता, इमारतीच्या कामावर. परांचीवरनं पडला. पाठ मोडून घरला आनला. लई दिस हातरुनात व्हता. मग गेला." त्यांनी कढणात मीठ घातलं, ढवळलं. "ही मिशन हाय म्हनून दत्तू गावात हाय. मिशन बंद पडली की त्यो बी त्याच कामावर जानार. त्याच्या बरोबरीची समदी पोरं तिकडंच हाईत. मी काय पाय धरून ठिवनार त्याचं?"

आमच्या संस्थेच्या माहितीपत्रकात 'ग्रामीण विकास' असा एक परिच्छेद आहे. तो कशाबद्दल आहे, ते मला त्या चुलीपाशी समजलं.

कोंडिबा

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतला कोंडिबा नावाचा माणूस वारला. मी त्याला पाहिलंही नव्हतं. कुठूनतरी रडण्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने माणसं घराघरांतून बाहेर पडू लागली. प्रत्येकाच्या खांद्यावर एक लाकूड होतं. कुणाचं चांगलं ऐनाचं, कुणाची नुसतीच वाकडी फांदी. एका म्हाताऱ्या बाईकडे लाकूड नव्हतं, तिने दोन गोवऱ्या पदरात घेतल्या होत्या. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. ओढ्याकाठी जिथे जाळतात तिथे जाऊन प्रत्येक जण आपलं लाकूड ठेवत होता. पुरुष तिथे थांबत होते, बायका मागे फिरत होत्या.

सुंदराबाईंनीही परसातलं एक लाकूड उचललं. "घरटी एक," त्या जाताना म्हणाल्या. "आमच्यात असंच हाय."

मी अंगणात उभी राहून ते बघत होते. आमच्या सोसायटीत कोणी गेलं तर फोनवर दोन जोडलेले हात येतात, त्याखाली आणखी जोडलेले हात येतात, आणि त्याच्या पुढचा निरोप पाण्याच्या टँकरबद्दल असतो. आमच्या ह्यांना विद्युतदाहिनीत नेलं. पैसे भरले, पावती घेतली, कोणीतरी बटण दाबलं. त्यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण इतकी माणसं खांद्यावर लाकूड घेऊन आपल्या माणसाकडे चालत येताहेत, हे कोंडिबाच्या बायकोने दारातून पाहिलं असेल, आणि ते तिला पुढे कधीतरी आठवेल, असं मला वाटून गेलं. मला हेवा वाटला.

मग मी पुणेकर करतात ते केलं. फुकट काही बघून झालं की आम्हाला चैन पडत नाही. तात्या ओढ्याकडून परत आले, तेव्हा मी पर्स उघडली आणि म्हटलं, "तात्या, लाकडासाठी माझ्याकडून थोडे ठेवा."

अंगणात चारपाच जण होते. एकाने तोंड फिरवलं. मला वाटलं, कमी दिले की काय.

"ठिवा ते," तात्या म्हणाले. रागावले नव्हते, लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होते. "बाई, तुमी पाव्हन्या. तुमाला ठावं न्हाय. मढ्याचं लाकूड इकत घेत न्हाईत आन इकत न्हाईत. आंबा तोडून देतील, दाराचं फळकूट काढून देतील, पर इकनार न्हाईत. जो इकंल, त्याच्या मढ्याला गाव लाकूड देत न्हाय. बापजाद्यापास्नं हाय ह्ये."

मी पर्स मिटली. शेडच्या बाजूने धाडधाड आवाज सुरू झाला, वीज आली होती. आणि त्या आवाजात माझ्या लक्षात आलं की या गावाला कांड्या कुठे जातात हे माहीत नाही. माहीत असतं, तर ते चाक फिरलंच नसतं.

दुपारभर मी स्वतःला समजावत होते, की हे सांगणं माझं काम नाही. पण उद्या या बाईला टेम्पोत बसवून पुण्याला न्यायचं होतं आणि परवा स्मशानात तिच्या गळ्यात हार घालायचा होता. चहाच्या वेळी सुंदराबाई भाकऱ्या थापत बसल्या होत्या, तेव्हा मी सरळ सांगून टाकलं. गोड करून सांगायला मला कधी जमलेलं नाही.

त्यांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपू लागली, ती त्यांनी उलटली नाही. शेवटी मीच उलथन्याने काढली.

"बिस्कुटाच्या कारखान्यात जात व्हत्या ना?"

"तो बंद झाला. म्हणजे गॅसवर गेला."

"मंजी वरीसभर मी मढ्याचं लाकूड इकतेय?"

मी मान डोलावली.

"सायबांनी कसं सांगितलं न्हाय?"

"त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही," मी म्हटलं. हे खरं होतं. देव वाईट माणूस नाही. गावाबाहेरच्या खडकावर फोन लागतो, तिथे जाऊन मी त्यांना फोन केला. "अहो ताई, इंधन ते इंधन. बॉयलरमध्ये जळलं काय आणि तिथे जळलं काय, उष्मांक तेवढेच," ते म्हणाले. दुसरा कोणी घेईल का, विचारलं. "बेकऱ्या, लाँड्र्या, सगळ्यांना विचारून झालंय. कोणी तयार नाही. हे गिऱ्हाईक गेलं तर यंत्र बंद, ताई. स्पष्टच सांगतो."

देवळासमोर

संध्याकाळी, अजून उजेड होता तेव्हा, गटातल्या बायका देवळासमोर जमल्या. तात्याही येऊन पायरीवर बसले. दत्तू खांबाला टेकून उभा होता. सुंदराबाईंनी सगळं सांगितलं. मी सांगते म्हटलं, तर नको म्हणाल्या.

आधी कोणी विश्वासच ठेवेना. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. एक म्हणाली, आम्हाला काय ठाऊक होतं, आम्ही पाला गोळा करतो. दुसरी म्हणाली, पाला म्हणजे लाकूड नव्हे. तात्या मान न उचलता म्हणाले, "त्याच्यावर मानूस जाळला मंजी ते लाकूडच." तिसरी रडायला लागली, तिचा सासरा कोंडिबाचा भाऊ. बंद करा, असं बहुतेक जणी म्हणत होत्या, पण म्हणताना यंत्राच्या शेडकडे बघत होत्या. त्या शेडवर त्यांची घरं चालत होती.

मी म्हटलं, "नियम थोडा बदलता नाही का येणार? आता काळ—"

"बाई," तात्या म्हणाले, "तुमी बोलू नगा." बरोबर होतं त्यांचं.

मग सुंदराबाई उठून उभ्या राहिल्या.

"तुमी पाला गोळा करायचा. भारं बांधायचं. दत्तू मिशन चालवंल. इकायचं काम माझं. टेम्पोत माल मी घालनार, सही मी करनार, पैसं मी घेनार आन तुमच्या मजुरीचं तुमाला देनार. इकनारी मी एकली. ज्ये काय लागंल, ते मलाच लागंल."

"सुंदरे," तात्या म्हणाले, "तुला कळतंय का, तू काय म्हनतीयास?"

"कळतंय."

"तुझ्या दारात कुनी लाकूड घेऊन येनार न्हाय."

"ठावं हाय मला."

"मारुती गेला तवा अख्खं गाव आलं व्हतं."

"म्हनून तर," त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "त्या पोराचं लाकूड म्या बघितलंय तात्या. आता ह्याचं बघायचं न्हाय मला. मी मेल्यावर मला कुनी जाळलं न जाळलं, मला काय कळनार हाय? जित्या पोराचं बघू, का मेलेल्या माझं?"

दत्तू म्हणाला, "आये, मी जातो पुन्याला. काय व्हत न्हाय."

"गप ऱ्हा."

त्यांची जाऊ शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "मी आनीन लाकूड. कुनी काय बी म्हनू दे."

"तू आनलंस तर तुजंबी बंद करतील. नगं." सुंदराबाई खाली बसल्या. तात्या काठीने मातीत रेघा ओढत होते. ते नाही म्हणतील, नियम सैल करतील, निदान अपवाद तरी करतील, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं. ते उठले, सुंदराबाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी गेले. ठरलं ते ठरलं.

मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता. आता तितका येत नाही. त्यांनी एकीला सूट दिली असती, तर पुढच्या वर्षी कुणीतरी ओढ्याकाठी लाकडाची वखार घातली असती, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळत असणार. पण त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही.

टेम्पो

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरला. गटातल्या बायका नेहमी पोती चढवायला हात लावतात. त्या दिवशी सगळ्या थोड्या अंतरावर उभ्या राहिल्या, कारण तसंच ठरलं होतं. सुंदराबाई एकट्या पोती ओढत होत्या. मी आणि टेम्पोवाल्याने मदत केली. दत्तू पुढे आला, तर त्याला त्यांनी हाताने बाजूला सारलं.

वाटेत त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. कात्रजचा बोगदा ओलांडून पुण्याच्या इमारती दिसू लागल्या, तेव्हा म्हणाल्या, "ह्यातलीच कोनची तरी आसंल." कोनची म्हणजे मारुतीची, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांचं त्या इमारतींकडे बघणंच असं होतं.

रात्रीचा मुक्काम बिबवेवाडीला माझ्या घरी. मी वरण-भात आणि बटाट्याची भाजी केली. त्या ओट्यापाशी उभ्या राहून गॅसची ज्योत बघत होत्या.

"तुमच्यात कोन गेलं तर?"

मी आमची पद्धत सांगितली. पास, शववाहिनी, पावती.

"शेजारचं कोन येत न्हाय?"

"येतात. गाड्या लावायला जागा मिळाली तर."

त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच हसल्या, आणि मला बरं वाटलं. मग म्हणाल्या, "मंजी समद्यांनाच इकतचं." त्यात टोमणा नव्हता. त्या काहीतरी मनाशी जुळवत होत्या.

नदीकाठ

स्मशानात मांडव घातला होता. पांढऱ्या खुर्च्या, माइक, हिरवा फलक आणि कोपऱ्यात बटाटेवड्यांचे खोके. ज्यांची माणसं जळत होती ते लोक एका बाजूच्या बाकांवर बसले होते आणि आमचे पाहुणे दुसऱ्या बाजूला. मधून चहावाला फिरत होता. कोणत्या बाजूला चहा द्यायचा, हे त्याला कळत नसावं. त्याने सरसकट सगळ्यांना दिला.

देवांनी भाषण सुरू केलं. जंगल, कार्बन, स्त्रीशक्ती. त्यांच्या भाषणात सगळं खरं होतं, हीच मोठी अडचण होती. ते मध्यावर आले असतील, तेवढ्यात फाटकातून एक शववाहिनी आली. बरोबर दोन गाड्या. एक तरुण मुलगा उतरला, डोळे सुजलेले, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि देवांपाशी आला.

"काका, सॉरी हं, पण हे जरा रॅप अप करता का? बाबांना आणलंय."

देव गोरेमोरे झाले. माइक बंद झाला. त्या गेलेल्या माणसाला त्यांनी मनापासून हात जोडले, हे सांगितलं पाहिजे.

लोखंडी ओट्यावर कांड्या रचल्या. मुलाने विचारलं, "हे काय आहे? लाकूड नाही का वापरत?" तिथला माणूस म्हणाला, "हेही लाकूडच आहे." मुलाने एक कांडी उचलून पाहिली आणि परत ठेवली. त्याच्याबरोबर पाचसहा जण होते, सगळे हातात फोन घेऊन उभे. सुंदराबाई मांडवातून उठून जाळीपाशी गेल्या. मी त्यांच्या मागे गेले. अग्नी दिला. कांड्यांनी भरकन पेट घेतला, धूर फारसा झाला नाही.

"चांगल्या जळत्यात," त्या म्हणाल्या.

त्या आवाजात अभिमान होता. त्यांच्या हातचा माल होता, तो चांगला निघाला होता. लगेच त्यांनी पदर तोंडावर घेतला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिथे कोणी रडलं तर लोकांना काही वाटत नाही, एवढी एक सोय असते.

नंतर उरकल्यासारखा सत्कार झाला. सुंदराबाईंनी हात जोडले, शाल आणि नारळ हातात घेतला आणि तिथेच टेबलावर ठेवून दिला. "हितलं घरी न्यायचं नसतं," त्या देवांना म्हणाल्या. देवांना हे माहीत असायला हवं होतं. आपल्यातही हेच सांगतात.

निघताना त्यांनी मला ऑफिसच्या खिडकीकडे नेलं. आत एक कारकून पावत्यांना शिक्के मारत होते.

"दादा, भायेरगावचं मानूस हितं जाळत्यात का?"

"बॉडी कुठंय?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"अजून मेलेलं न्हाय."

"मग घाई कसली? मेल्यावर या."

मी काही बोलणार, तेवढ्यात सुंदराबाईंनी माझा हात धरला. "मेल्यावर मला इचारता यायचं न्हाय दादा. म्हनून आत्ता इचारते."

कारकुनांनी शिक्का खाली ठेवला. चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"मृत्यूचा दाखला लागेल, आधार कार्ड लागेल," ते म्हणाले, आता सावकाश. "गाव कोणी विचारत नाही इथं, मावशी. कोणालाही नाही म्हणत नाही आम्ही."

"कांड्यांवर जाळत्यात का, मागितलं तर?"

"हो. तसं सांगायचं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

फाटकाबाहेर रस्त्यावर आलो. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला दिवस मावळायच्या आत घाट चढायचा होता. सुंदराबाई चढल्या, बसल्या आणि मग खिडकीतून वाकून म्हणाल्या, "दत्तू आनील मला हितं. त्याला सांगून ठिवते. पर बाई, तुमी जवळ ऱ्हाता. तवा तुमी याल का? एक लाकूड घेऊन? बारकं आसलं तरी चालंल. इकतचं नगं. घरचं."

आम्ही एकाच वयाच्या, कोण आधी जाणार, हे काही ठरलेलं नव्हतं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत पोळपाट-लाटणं सोडलं, तर घरचं असं एकही लाकूड नाही. मी हो म्हटलं.